पहिले पुस्तक कोणते? वऱ्हाडातील वाचक आणि मालिकांचे नायक

एकाच नायकाभोवती रचलेल्या, पण प्रत्येक वेळी स्वतंत्र पुस्तक म्हणून बाहेर पडणाऱ्या कादंबऱ्यांच्या समूहाला मराठीत सैलपणे ‘मालिका’ म्हटले जाते, आणि अशा मालिकेच्या नव्या वाचकासमोर उभा राहणारा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: वाचायला कुठून सुरुवात करावी? या प्रश्नाचे उत्तर मालिकेच्या जातीवर अवलंबून असते. काही मालिका क्रमबद्ध असतात, म्हणजे त्यांतला नायक वाढतो, थकतो, जिंकतो किंवा मरतो, आणि आधीचा भाग वाचल्याशिवाय पुढच्या भागाचा अर्थ पुरता लागत नाही. काही मालिका मोकळ्या असतात, त्यांतला नायक पहिल्या पुस्तकात जसा असतो तसाच शंभराव्या पुस्तकातही राहतो, आणि कोणतेही पुस्तक पहिले म्हणून उचलले तरी वाचकाचे काही बिघडत नाही. असामान्य बळाच्या, बुद्धीच्या किंवा सिद्धीच्या जोरावर दुष्टांचा पाडाव करणारा जो नायक आज ‘सुपरहिरो’ या नावाने ओळखला जातो, तो बहुधा दुसऱ्या जातीच्या मालिकांत वावरतो. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडच्या दोन प्रमुख शहरांच्या वाचनाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर या दोन जातींना दोन वेगळ्या ठिकाणी मान मिळाला असे दिसते. क्रमबद्ध नायक संमेलनाच्या मांडवात पूजला गेला आणि मोकळा नायक लायब्ररीच्या काउंटरवरून हातोहात फिरला.

मांडवाची साक्ष तर फारच बोलकी आहे. १९१२ साली अकोल्यात मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी हरी नारायण आपटे होते, आणि १९८१ साली त्याच शहरात पुन्हा संमेलन भरले तेव्हा अध्यक्ष होते गोपाळ नीलकंठ दांडेकर. दोघांमध्ये जवळजवळ सत्तर वर्षांचे अंतर आहे आणि भाषा, स्वभाव व कादंबरीविषयीची समज यांतही मोठा फरक आहे. पण दोघांनीही मराठेशाहीच्या इतिहासावर एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या आणि पराक्रमाची कथा अनेक पुस्तकांतून सलग सांगता येते हे दाखवले. हा योगायोग असेलही, पण तो वऱ्हाडच्या रुचीला न शोभणारा नाही.

या रुचीची मुळे फार जुनी असल्याचे दाखवता येते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे श्रेष्ठ क्षेत्र आहे, आणि श्रीचक्रधरांच्या आठवणी त्यांच्या अनुयायांकडून गोळा करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, त्या कामाचे केंद्र रिद्धपूरच होते. ‘लीळा’ म्हणजे चरित्रातील एक घटना, एक प्रसंग. प्रत्येक लीळा स्वतःपुरती पूर्ण असते आणि तरीही एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा विभागांत तिला ठरलेली जागा आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, त्यामुळे तिचे वेगवेगळे पाठ निर्माण झाले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हाही कोणता पाठ प्रमाण मानायचा हा प्रश्न संपादकापुढे होताच. श्रद्धेचा ग्रंथ आणि करमणुकीची कादंबरी यांची तुलना येथे अभिप्रेत नाही. सुटे प्रसंग आधी लोकांच्या तोंडी असतात आणि त्यांचा क्रम मागाहून कुणीतरी लावतो, एवढीच रचनेची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे काउंटरवरच्या पुस्तकांच्या बाबतीतही नेमके हेच घडले.

आधुनिक काळातील वाचनाचा विचार करताना वऱ्हाडचे राजकीय स्थान विसरून चालत नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, १९०२ मध्ये तो त्यांना कायमच्या पट्ट्याने मिळाला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. म्हणून ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या जोडनावाखाली आणि स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश राज्यात राहिलेल्या या मराठी मुलखाची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर होती. मात्र पुस्तके येत ती मुंबई-पुण्याहून. भुसावळहून नागपूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला, अकोला त्या मार्गावरचे स्थानक झाले, अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा मिळाला, आणि वऱ्हाडचा कापूस ज्या रुळांवरून मुंबईच्या गोदीकडे जाई त्याच रुळांवरून उलट दिशेने मासिके, नाटक मंडळ्या आणि कादंबऱ्या येऊ लागल्या. कापसाच्या पैशाने या दोन्ही शहरांत वकील, अडते, शिक्षक आणि कारकून यांचा जो वर्ग उभा राहिला, तोच पहिला कादंबरीवाचक होय. हा वर्ग मोठा नव्हता. खेड्यातला मुलगा मोठ्या संख्येने शाळेत आणि पुढे महाविद्यालयात येऊ लागला तो पंजाबराव देशमुख यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केल्यानंतरच्या काळात, आणि मोकळ्या मालिकांना जो विशाल वाचक मिळाला तो मुख्यतः या नव्या साक्षरांतून आला असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

मराठी कादंबरीचा आरंभच मुळी अद्भुताच्या अंगणात झाला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये आली. राजपुत्र, हरवलेल्या नायिका, कपटी मंत्री आणि अनपेक्षित सुटका यांनी भरलेल्या या कथांना समीक्षकांनी पुढे ‘अद्भुतरम्य’ असे नाव दिले. त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी अरबी भाषेतील सुरस कथा मराठीत आणल्या. वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन प्रवृत्तींची चर्चा केली तेव्हा अद्भुताला त्यांनी मुळीच हिणवले नव्हते, ही गोष्ट नंतरच्या समीक्षेने सोयीस्करपणे बाजूला ठेवली. हरी नारायण आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ पत्रातून ‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ या काळात क्रमशः प्रसिद्ध होत गेली, म्हणजे एकेक प्रकरण वाचायचे आणि पुढच्या अंकापर्यंत थांबायचे असा तो व्यवहार होता. अशा वाचनात ‘कुठून सुरुवात करावी’ हा प्रश्न उद्भवत नाही, कारण काळच क्रम लावून देतो. उद्भवते ती केवळ उत्कंठा. नाथमाधव यांच्या ‘वीरधवल’ने १९१३ मध्ये हीच उत्कंठा इतिहासाच्या बंधनातून सोडवली आणि निव्वळ साहसाच्या हवाली केली.

मोकळ्या मालिकेचा खरा उत्कर्ष मात्र बाबुराव अर्नाळकर यांच्या हातून झाला. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या आणि त्यांत झुंजार, काळापहाड, धनंजय असे नायक पुन्हा पुन्हा येत राहिले. ‘रहस्यकथा’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. इंग्रजी पद्धतीच्या तपासकथेत गुन्हा घडतो, धागेदोरे वाचकासमोर मांडले जातात आणि शेवटी बुद्धीने उलगडा होतो. धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू यांच्या कथा या जातीच्या जवळ जातात. झुंजार मात्र वेगळ्या कुळातला आहे. तो कायद्याच्या बाहेर राहून गुन्हेगारांना शासन करतो, पत्नी विजया आणि सहकारी नेताजी यांच्या साथीने संकटातून सहीसलामत बाहेर पडतो, आणि वाचकाला त्याच्या विजयाविषयी कधी शंका नसते. उत्सुकता असते ती विजय कसा मिळेल याची. अमेरिकेत १९३८ मध्ये सुपरमॅन आणि १९३९ मध्ये बॅटमॅन छापील पानावर आले. झुंजारच्या अंगात उडण्याची शक्ती नाही, त्याच्याजवळ जादूचे शस्त्र नाही, तरीही गुप्त ओळख, पोलिसांशी लपंडाव, विश्वासू साथीदार आणि कधीही न म्हातारे होणे ही सुपरहिरोची चारही लक्षणे त्याच्यात सापडतात. मराठी वाचकाचा पहिला सुपरहिरो कोण, असे विचारले तर झुंजारचे नाव घेण्यास संकोच करू नये.

अर्नाळकरांच्या कथांची भूमी मुंबई आहे: तिथले रस्ते, बंगले, हॉटेले, धक्के आणि काळोख्या गल्ल्या. १९५६ पूर्वीच्या अकोल्यातल्या किंवा अमरावतीतल्या वाचकाच्या दृष्टीने हे शहर परप्रांतातले होते. त्याचे मंत्रालय, त्याचे विद्यापीठ, त्याचे उच्च न्यायालय यांपैकी काहीही त्या शहरात नव्हते. द्वैभाषिक मुंबई राज्यात वऱ्हाड सामील होण्याआधीच झुंजारच्या पाठीमागे धावता धावता वऱ्हाडी वाचकाच्या मनात मुंबईचा एक नकाशा तयार झाला असला पाहिजे, आणि तो सरकारी नकाशापेक्षा अधिक थरारक होता, यात शंका नाही. याची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. या सगळ्या मालिकांत ‘काऊन’, ‘हाव’ म्हणणारा वऱ्हाडी नायक मध्यभागी कोठेच दिसत नाही. नायक पुरवण्याचे काम मुंबई-पुण्याने केले आणि वाचक पुरवण्याचे वऱ्हाडने.

ही पुस्तके विकत घेणारे थोडे आणि भाड्याने नेणारे फार. सार्वजनिक वाचनालय आणि ‘सर्क्युलेटिंग लायब्ररी’ या दोन संस्था येथे वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली संस्था वर्गणीदारांची, कार्यकारिणीची आणि पुढे अनुदानाची. अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय या जातीचे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने अशा वाचनालयांना मान्यतेची आणि अनुदानाची चौकट मिळाली, आणि त्याबरोबर ग्रंथनिवडीची जबाबदारीही आली. दुसरी संस्था म्हणजे एक खोली, तीन भिंतींना लागलेली फडताळे, पुढे एक टेबल आणि त्यामागे बसलेला मालक. अनामत रक्कम घ्यायची, खाकी कागदाचे वेष्टन घातलेले पुस्तक द्यायचे, वहीत क्रमांक लिहायचा आणि पुस्तक परत आले की दिवसांच्या हिशेबाने भाडे कापायचे, एवढाच तिचा कारभार. कायद्याने तिची दखल घेतली नाही, साहित्याच्या इतिहासानेही फारशी घेतली नाही. परंतु झुंजार, काळापहाड आणि त्यांच्या मागून आलेले सारे नायक जगले ते याच खोलीत, आणि ते विशेषतः उन्हाळ्यात. पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी दाराला खसाची ताटी लावून घरात बसण्यावाचून दुसरा मार्ग नसे, आणि शंभर-सव्वाशे पानांची रहस्यकथा एका दुपारीत संपत असे. पुस्तकाचा आकार भाड्याच्या हिशेबाने ठरला की वाचनाच्या हिशेबाने, हे सांगणे कठीण आहे. दोन्ही हिशेब जुळले एवढे खरे.

शिफारस करण्याची कला घडली ती या टेबलामागे. नवा वर्गणीदार आला की मालकाला दोन गोष्टी एकदम साधाव्या लागत: पुस्तक त्याला आवडले पाहिजे, आणि ते त्या क्षणी फडताळात असले पाहिजे. क्रमबद्ध मालिका या व्यवसायाला अडचणीची, कारण तिचा दुसरा भाग बाहेर गेलेला असेल तर पहिला वाचून झालेला गिऱ्हाईक खोळंबतो. मोकळी मालिका मात्र सोन्याची खाण, कारण कोणताही भाग कोणाच्याही हाती देता येतो. म्हणून ‘हे घ्या, यापासून सुरू करा’ असे सांगताना मालक बहुधा शिल्लक असलेलेच पुस्तक पुढे करी, आणि वाचकाच्या लेखी तेच त्या मालिकेचे पहिले पुस्तक ठरे. अर्नाळकरांच्या नायकांना जन्मकथा नाही, वय नाही, भूतकाळाचा भार नाही, याचे श्रेय सामान्यतः लेखकाच्या घाईला किंवा उणिवेला दिले जाते. त्यातला मोठा वाटा या भाड्याच्या व्यवहाराचा आहे, हे ध्यानात घेतले जात नाही. खुन्याचे नाव पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवणारा खोडसाळ वाचकही या संस्थेचाच सभासद होता, आणि झुंजारच्या कथेचे तो काहीच बिघडवू शकत नव्हता, ही या जातीची आणखी एक खुबी.

अर्नाळकरांनंतर हा प्रवाह अनेक शाखांनी वाहिला. गुरुनाथ नाईक यांनी अशाच प्रचंड संख्येने कथा लिहिल्या, सुहास शिरवळकर यांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास अशा वेगवेगळ्या स्वभावांच्या नायकांच्या समांतर मालिका चालवल्या. १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून ली फॉकचा १९३६ सालचा फँटम मराठीत ‘वेताळ’ होऊन आला. नाव देशी, माणूस आफ्रिकेच्या जंगलातला, आणि मुखवट्याआड बापामागून मुलगा बसत असल्याने जगाच्या लेखी अमर. मोकळ्या मालिकेतला नायक म्हातारा का होत नाही, याचे इतके सरळ स्पष्टीकरण दुसऱ्या कुणी दिलेले नाही. अकोला-अमरावतीच्या बाजारात हिंदी सहज वाचली जात असल्याने १९८० च्या दशकात दिल्लीच्या राज कॉमिक्सचे नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव यांनाही या मुलखात भाषेची भिंत आडवी आली नाही.

नारायण धारप यांचे ‘समर्थ’ हे पात्र या सर्वांहून निराळे आहे आणि अधिक काळजीपूर्वक वाचावे असे आहे. समर्थ मुखवटा घालत नाहीत, पिस्तूल बाळगत नाहीत. अमानवी, अघोरी शक्तींशी त्यांचा सामना साधनेतून मिळवलेल्या सामर्थ्याच्या बळावर चालतो, आणि सामान्य माणसे त्यांच्याकडे आधारासाठी येतात. संत आणि योगी यांच्या कथांवर वाढलेल्या मराठी मनाला असा नायक परका वाटत नाही, परंतु धारपांचे यश असे की त्यांनी या ओळखीच्या मूर्तीला थंड, नेमक्या, जवळजवळ वैज्ञानिक भाषेत उभे केले. अलौकिक शक्ती असलेला नायक हीच सुपरहिरोची व्याख्या धरली, तर मराठीतला तिचा सर्वांत शुद्ध नमुना समर्थ होत, झुंजार नव्हे.

भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे या पंक्तीत लहान दिसतो, पण टिकला तो सर्वांत भक्कमपणे. फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला हडकुळा, सायकल दामटणारा बनेश फेणे वीस पुस्तकांतून साहसे करत फिरतो, आणि त्याच्याजवळ चपळाई व कुतूहल यांपलीकडे कोणतीही शक्ती नाही. सार्वजनिक वाचनालयांच्या बालविभागाने त्याला आनंदाने जागा दिली; झुंजारला जी पायरी चढता आली नाही ती फेणेने सायकलसह ओलांडली.

क्रमबद्ध मालिकेकडे पुन्हा वळताना गो. नी. दांडेकर यांचा विचार अपरिहार्य ठरतो, आणि तो वऱ्हाडच्या अभिमानाचाही विषय आहे, कारण त्यांचा जन्म १९१६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचा. ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजारमाची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’ या त्यांच्या पाच शिवकालीन कादंबऱ्यांत नायकपण एकट्या राजाकडे न राहता त्याच्याभोवतीच्या साध्या माणसांत वाटले गेले आहे. पराक्रम येथे एका देहात साठत नाही. भाड्याच्या लायब्ररीला अशी मालिका गैरसोयीची, पण सुटीत एकेक भाग क्रमाने वाचणाऱ्या घराला ती फार सोयीची.

आज या मुलखातील नव्या वाचकाला वाट दाखवायची झाली, तर काउंटरवरचा जुना शहाणपणा अजूनही उपयोगी पडतो, फक्त त्याला मांडवाची जोड द्यावी लागते. फास्टर फेणेचे जे पुस्तक हाती येईल ते पहिले समजावे. अर्नाळकरांच्या हजार पुस्तकांपुढे गांगरून जाण्याचे कारण नाही. झुंजारची एक आणि धनंजयची एक कथा लागोपाठ वाचली तर शिक्षा करणारा नायक आणि शोध घेणारा नायक यांतला फरक आपोआप कळतो, आणि पुढे कोणाच्या मागे जायचे ते वाचकानेच ठरवावे. धारपांचे समर्थ त्यानंतर, शक्यतो एकेक पुस्तक अंतराने, कारण सलग वाचल्यास भयाची धार बोथट होते. दांडेकरांची पाच पुस्तके मात्र ‘बया दार उघड’पासून आणि क्रमानेच वाचावीत.

एक पुस्तक या रांगेत बसत नाही आणि तरीही ते याच फडताळाजवळचे आहे. अमरावतीत राहून लेखन करणारे उद्धव शेळके यांनी लायब्ररीच्या वाचकासाठी विपुल लोकप्रिय कादंबऱ्या लिहिल्या, म्हणजे मोकळ्या पुस्तकांचा बाजार त्यांना आतून ठाऊक होता. पण त्याच हाताने १९६० मध्ये ‘धग’ लिहिली. तिची नायिका कौतिक वऱ्हाडी बोलते, दारिद्र्याशी एकटी झुंजते, मुलाने शिकावे म्हणून हट्ट धरते, आणि तिच्या मदतीला ना मुखवट्यातला कोणी येतो ना साधनेतला. झुंजारच्या मागे धावून आलेल्या वाचकाने ती शेवटी वाचावी. कौतिकच्या कथेला दुसरा भाग नाही.